चढणीवरचे हात

अन्याय झाला तो माझ्या मावशीवर. कधी, तेही सांगते. मी आठवीत होते त्या वर्षी, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, दुपारच्या जेवणाची सुटी व्हायला थोडाच वेळ असताना. कुठे, तर नेरच्या बाहेरच्या एका जुन्या जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, खिडकीकडून तिसऱ्या मशीनवर. उजव्या हाताची मधली दोन बोटं गेली. रुळांमध्ये कापूस अडकला होता. अडकला तर मशीन बंद करून काढावा, असा नियम भिंतीवर रंगवलेला होता. पण तिथली सगळी मशीनं एकाच दांड्यावर चालायची. एक थांबवायचं तर सगळी ओळ थांबवावी लागे, आणि ओळ थांबली की मुकादम बायांचा उद्धार करायचा. म्हणून बाया चालत्या मशीनमधून हातानं कापूस ओढत. सगळ्याच ओढत. त्या दिवशी मावशीनं ओढला.

दवाखान्यात तिला मुकादमानंच नेलं. मावशी शुद्धीत नव्हती. कसं झालं, असं तिथं विचारलं तेव्हा तो म्हणाला, घरी कडबा कापताना. कागदावर तसंच आलं: घरगुती अपघात. आमच्या घरी कडबा कापायचं यंत्र नव्हतं. कडबा खाणारं जनावरसुद्धा नव्हतं. कागदाला हे कोण विचारणार?

मावशी म्हणजे आईची मोठी बहीण. आमच्याच घरात राहते. गल्लीतल्या बाया तिला म्हणायच्या, "करीच्या दिवशी कामाले गेलीच काहून वो तू?" जसं काही दोष दिवसाचा होता, मशीनचा नाही. मावशीचं मागणं एकच होतं, आजही तेच आहे. "मले दुसरं काही नको. तो कागद खोटं बोलून राह्यला. त्याले खरं बोलायले लावा."

जखम भरून आल्यावर ती त्याच जिनात परत गेली, किडका कापूस निवडायला. आणि त्या दसऱ्याला तिनं तिच्या जुन्या मशीनशेजारच्या तुळईवर हात उमटवला.

ही त्या जिनातल्या बायांची रीत होती. हजेरीच्या वहीत त्यांची नावं नव्हती, नुसतं 'बाया' असं लिहिलेलं असायचं. पण दसऱ्याला मशीनची पूजा झाली की प्रत्येक बाई जवसाच्या तेलात कालवलेल्या गेरूत पंजा बुडवायची आणि आपल्या जागेवरच्या सागवानी लाकडावर ठेवायची. गेल्या वर्षीच्या हाताशेजारी या वर्षीचा हात. जवसाचं तेल लाकडात मुरतं, हात वर्षानुवर्षं राहतो. मावशीचे तिथं तीन हात होते, पाच पाच बोटांचे. चौथा तीन बोटांचा: अंगठा, तर्जनी, करंगळी, आणि मध्ये नुसतं लाकूड.

त्याच हंगामात बोंडअळीनं शेतं खाल्ली. गाड्या येईनाशा झाल्या. एका संध्याकाळी मुकादम म्हणाला, "उद्या या." उद्या गेल्या तर फाटकाला कुलूप. कुलूप ते कुलूपच. नंतर पत्रे उतरवले, मशीनं भंगारात गेली, सागवान कोणीतरी उचललं. कुठं गेलं, ते आम्हाला माहीत नव्हतं.

माझी दहावीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात यवतमाळच्या अलीकडे पाण्याचा पार्क सुरू झाला. घसरगुंड्या, लाटांचा हौद, आणि लाकडी सांगाड्यावरून पळणारी गाडी. आमच्या गल्लीतल्या बायांनी टेम्पो ठरवला. बहुतेक सगळ्या जिनातल्याच. मावशी यायला तयार नव्हती. आईनं तिला हाताला धरून टेम्पोत बसवलं. चांगला हात धरून.

साडीवर पाण्यात जाता येणार नाही, असं काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं. भाड्याचे नायलॉनचे कपडे घ्यावे लागले, गुडघ्यापर्यंतची निळी पँट आणि वर ढगळ शर्ट. बाया पडद्याआडून बाहेर यायलाच तयार नाहीत. सगळ्यात आधी मावशी आली, कमरेवर हात ठेवून.

"पाह्य वो, कशी दिसून राह्यली मी? हवालदारावाणी?"

"हवालदार कायची," आई म्हणाली. "ट्रकवरचा क्लीनर!"

मग सगळ्याच बाहेर आल्या, हसत, एकमेकींच्या पोटऱ्यांकडे बोट दाखवत. मावशीला इतकं हसताना मी त्याआधी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

उंच घसरगुंडीच्या माथ्यावर एक पोरगा सगळ्यांना बसवून देत होता. "हात छातीवर घ्या, बोटं बोटांत अडकवा," तो मावशीला म्हणाला, आणि मग त्याची नजर गेली, आणि तो दुसरीकडे बघायला लागला.

"अडकवते बाप्पा," मावशी म्हणाली. "जेवढी हायेत तेवढी अडकवते."

ती सर्रकन खाली गेली. मी मागून उतरले तेव्हा ती हौदात कमरेइतक्या पाण्यात उभी होती, उजवा हात पाण्याखाली धरून.

"काय झालं?"

"ओली झाली," ती म्हणाली.

"कोण?"

"ते दोघं. थंडगार लागून राह्यलं त्याईले."

ती बोटांबद्दल बोलत होती. नसलेल्या. मी तिथं भर उन्हात, शेदीडशे माणसांच्या ओरडण्यात उभी होते, आणि माझ्या मानेवर काटा आला.

लाकडी गाडीत आम्ही शेवटी बसलो. गाडीला आधी साखळी वर ओढते, चढणीवरून, खूप हळू. खट खट खट. दोन्ही बाजूंनी जाड तुळया, अगदी हात लांब केला तर लागतील इतक्या जवळ. उन्हानं लाकूड तापलं होतं. मागून कोणीतरी म्हणालं, "सरकीचा वास येऊन राह्यला काय वो?"

"येडी झाली काय? इथी कायची सरकी?"

पण येत होता. मलाही येत होता. फटींमध्ये पांढरं काहीतरी होतं. रुई. मग डाव्या बाजूला पहिला हात आला.

लाल होता, फिका पडलेला. त्याच्यापुढे दुसरा. कोणी किंचाळलं नाही. समोरच्या बाकावरची बाई फक्त म्हणाली, "हा माहा हात हाय," जसं कोणी टेम्पोतून आपलं घर दाखवतं. मग मागची म्हणाली, "हा माहा." गाडी चढत होती आणि एकेकीचा हात येत होता आणि जात होता. एक हात आला, त्याची बाई आमच्यात नव्हती. ती मागच्या पावसाळ्यात काविळीनं गेली होती. तिचा पंजा आमच्या कानाजवळून सरकत मागं गेला.

त्यानंतर मावशीचे. पाच बोटं. पाच. पाच. आणि तीन.

मग माथा आला आणि गाडी खाली कोसळली. सगळ्या बाया जिवाच्या आकांतानं ओरडल्या. खालच्या रांगेतली माणसं हसत होती. त्यांना वाटलं, बाया उताराला भ्याल्या.

आम्ही त्या गाडीत पाच वेळा बसलो.

गाडी बांधणारा मिस्त्री तिथंच होता, दर फेरीनंतर बोल्ट आवळत. यवतमाळचा, म्हातारा, पांढऱ्या दाढीचा. मी त्याला सरळ विचारलं, "चाचा, हे हात काहून ठेवले?"

त्यानं आधी बायांकडे पाहिलं, मग मावशीच्या हाताकडे. समजला तो. "रंधा उचलला होता बेटा," तो म्हणाला. "पहिल्या हातावर टेकवला, अन् चाललाच नाही. कोणाच्या तरी माय-बहिणीचे हात. त्याच्यावर रंधा कसा मारू? मालक बोलला, उलटी बाजू बाहेर कर. म्हनलं, वो तो दफनाना हुआ. जिवंत मानसाचा हात मी गाडत नसतो."

जिन कुठलं, तेही त्यानंच सांगितलं. तिथून लाकूड त्यानंच उतरवलं होतं.

घरी येताना टेम्पोत माझं डोकं फुटायची वेळ आली होती. माझ्या मावशीच्या हाताचा पुरावा लोकांना मजा म्हणून दाखवला जात होता, आणि कागदावर अजून कडबा होता. मी त्याच महिन्यात मजुरांच्या एका संघटनेत जायला लागले. पत्रक लिहायला तिथं शिकले. पहिलं पत्रक मावशीचं लिहिलं. ज्या लाकडावर आधी पाच बोटं आहेत आणि नंतर तीन, ते लाकूड जिनातलं आहे, मग बोटं घरी गेली, हे कोणी पाहिलं? एवढाच प्रश्न. अर्ज दिले, खेटे घातले. कामगार कार्यालयातला एक साहेब शेवटी म्हणाला, ठीक आहे, जागेवर येऊन बघतो. तारीख पडली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची.

आता माझी चूक सांगते. ती मी कोणत्याच पत्रकात लिहिलेली नाही.

आठ दिवस आधी मी घरोघर फिरले. मोठ्या तावातावानं बायांना सांगितलं, "साहेब येऊन राह्यला. हात साफ दिसले पाहिजेत. एक एक बोट मोजता आलं पाहिजे." हे मी कोणाला सांगत होते? ज्या बायांचा दसरा लाकडावर गेरू लावल्याशिवाय होत नाही त्यांना. मी दसऱ्याला यवतमाळला पत्रकं छापून घेत होते. त्या सगळ्या जणी तिकीट काढून पार्कात गेल्या. मिस्त्रीनं त्यांना देखभालीच्या जिन्यानं वर जाऊ दिलं. त्यांनी गेरू नेला होता, जवसाचं तेल नेलं होतं. बोटानं, काळजीनं, त्यांनी प्रत्येक हात उजळला. काविळीनं गेलेल्या बाईचाही. मावशीनं स्वतःचे चारही.

दुसऱ्या दिवशी साहेबासोबत मी त्या जिन्यानं वर गेले तेव्हा मला आधी वास आला. मग ते दिसले. लालभडक. ओले असावेत असे. चढणभर हातच हात, काल कोणीतरी कत्तल करून पळून गेल्यासारखे.

साहेबानं एका तळव्याला बोट लावलं. बोट लाल झालं.

"हे केव्हा काढले?"

"काल उजळले साहेब," मावशी म्हणाली. तिला इतका आनंद झाला होता. "दसरा होता ना. अन् तुमाले नीट दिसावं म्हणून."

साहेब वाईट नव्हता. तो वाईट असता तर मला बरं झालं असतं. त्यानं रुमालाला बोट पुसलं आणि म्हणाला, "बाई, काल काढलेल्या हातावरून मी काय लिहू?"

मिस्त्री मध्ये पडला. खाली जुने हात आहेत, मी डोळ्यांनी पाहिले, मी लाकूड उतरवलं. साहेब म्हणाला, "खाली काय होतं, ते मला आज दिसत नाही." आणि उतरला.

मावशीला जिन्याच्या मधल्या पायरीवर कळलं. ती तिथंच बसली. "माह्याच हातानं पुसलं काय वो मी?" तिनं विचारलं. मी म्हणाले, नाही, तू नाही. खरं तेच होतं. पण "मी" हा शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही. सभेत माईकशिवाय बोलणारी मी. तो शब्द आज इथं लिहिते: मी.

आणि तरीही ऐका. चूक आमची असेल, अन्याय आमचा नाही. एका बाईची बोटं कुठं गेली हे तिच्या तोंडून ऐकून लिहून घ्यायला कोणाचं काय जात होतं? कडबा म्हणणाऱ्या मुकादमाकडे कोणी पुरावा मागितला नाही. बाईकडे सागवानाची तुळई मागितली.

पंधरा दिवसांत मालकानं चढण निळ्या ऑइलपेंटनं रंगवून घेतली. मिस्त्रीनं तो ब्रश हातात धरला नाही म्हणून त्याला काढलं. मी अधूनमधून तिथं जाते, तिकीट काढून त्या गाडीत बसते. उन्हानं निळ्या रंगाला पोपडे येतात, आणि पोपड्याखाली लाल दिसतं. जुनं लाल की आमचं, ते सांगता येत नाही. मावशी घरात भांडी घासताना मध्येच थांबते आणि पाण्यातून हात काढून बघते.

आता तुमच्याशी बोलते. त्या पहिल्या उन्हाळ्यात चढणीच्या माथ्यावर एक फोटोवाला उभा असायचा. वर येणाऱ्या प्रत्येक गाडीचा फोटो काढायचा आणि बाहेर पडताना पुठ्ठ्याच्या चौकटीत घालून विकायचा. आम्ही आमचा घेतला नाही, आम्हाला तेव्हा फोटोचं भान नव्हतं. त्याचा कॉम्प्युटर गेला, तोही दुसऱ्या गावाला गेला. पण यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, नेर इथल्या किती घरांत ती चौकट टीव्हीवर, कपाटात, गादीखाली पडली असेल. तुम्ही त्या उन्हाळ्यात तिथं गेला असाल, तर ती आज काढा. उद्या नाही. फोटोत स्वतःचं तोंड बघू नका, पोरांचं हसू बघू नका. तुमच्या खांद्यामागचं लाकूड बघा. तिथं फिका, आम्ही उजळण्याआधीचा लाल हात असेल, आणि त्याला मधली दोन बोटं नसतील, तर तो फोटो तुमचा नाही. नेरच्या स्टँडवर उतरा, जिनात बोटं गेलेली बाई कुठं राहते असं कोणालाही विचारा, आणि तो तिच्या हातात आणून द्या.