खुनांच्या यादीत पहिलं आलेलं गाव

आमच्या घरात कुठलाही मोठा निर्णय एक्सेलमध्ये होतो. अमेरिकेत, कॅरी गावातलं हे घर घेताना नवऱ्यानं शाळांचं रेटिंग, गुन्ह्यांचे आकडे, ऑफिसपर्यंतचा ड्राइव्ह आणि इंडियन ग्रोसरी असे रकाने पाडले होते. ज्या घराचं स्वयंपाकघर मला मनापासून आवडलं होतं, ते एका रकान्यात लाल झालं म्हणून हातचं गेलं. तेव्हापासून मी त्या एक्सेलला सवत म्हणते. तो हसतो, पण सवत काही घर सोडत नाही.

त्यामुळे मुलीनं जेवता जेवता वायोमिंग राज्यातल्या एका काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, नोकरी घेतल्याचं सांगितलं, तेव्हाच मला पुढचं सगळं दिसायला लागलं. मुलगी आमची गुरांची डॉक्टर. मराठी मंडळात डॉक्टर मुलींना तोटा नाही. एखादी काकू कौतुकानं “स्पेशालिटी कोणती गं?” विचारते, आमची कन्या “काउज” म्हणते, आणि काकू लगेच बटाटेवड्यांची चौकशी करायला लागतात. मला मात्र तिचा भारी अभिमान आहे. गाभण गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणारी ही पोरगी घरी आली की वरणभातच मागते.

दोन-तीन दिवसांत नवरा लॅपटॉप उघडाच घेऊन टेबलाशी आला. चेहरा असा, की कुणाचा तरी रिपोर्ट वाईट आलाय.

“खुनाच्या दरात ही काउंटी अख्ख्या राज्यात पहिली आहे,” तो म्हणाला. “पहिली! कॅन्सल कर म्हणावं तिला. मी तिला सोडायला येणार नाही, सांगून ठेवतो.”

आमची पिढी बोर्डाच्या मेरिट लिस्टवर वाढलेली. यादी दिसली की आमचा डोळा पहिल्या नंबरावर जातो आणि तिथेच चिकटतो. पेपर किती जणांनी दिला होता हे कुणी विचारत नाही. मी फार्मा कंपनीत औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासते, त्यामुळे मला ते विचारावंच लागतं.

“खून किती झाले?” मी विचारलं.

“वन,” मुलगी म्हणाली. “आई, लिटरली वन.”

“एक. पण दर लाखामागे काढलं तर...”

“लाख माणसं आहेत का रे तिथे? आपल्या गणपतीला मंडळात त्या काउंटीपेक्षा जास्त लोक जेवतात. उद्या तिथे प्रसाद करताना एकीचा हात भाजला, तर तूही दर लाखामागे हिशेब करून फायर ब्रिगेड बोलावशील!”

छेद लहान असला की अंशातला एकही डोंगराएवढा दिसतो, हे मी त्याला कागदावर मांडून दाखवलं. शून्य आलं की अशी काउंटी यादीच्या तळाशी, म्हणजे देवाचं घरच. एक आला की थेट शेंड्यावर, म्हणजे यमाचं. मधली जागा बिचारीच्या नशिबातच नाही. तो इंजिनियर आहे, त्याला हे कळत नव्हतं असं नाही. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तो एक कुणाचा तरी कुणीतरी होता ना?”

मी कागदाची घडी करून बाजूला ठेवली. गणित मला पटत होतं, आणि भीतीही वाटत होती. आईच्या जिवाला छेद-अंश कळत नाहीत.

मुलगी मागाहून माझ्या खोलीत आली. “आय'म गोइंग एनीवे, आई,” ती म्हणाली. “पण बाबा हवा. तो आला नाही, तर मला तिथे रोज वाटेल की तो रागावलाय.” एवढी घोड्यागाईंना न भिणारी मुलगी, पण बोलताना ओढणीशी चाळा करावा तशी टी-शर्टचं टोक पिळत होती. तिला नोकरीची परवानगी नकोच होती. बाप दारापर्यंत यायला हवा होता, इतकंच.

शेवटी तो आला, पण इन्स्पेक्शनला आल्यासारखा. डेन्व्हरला उतरून भाड्याच्या गाडीनं आम्ही उत्तरेला निघालो. घरं विरळ होत होत दिसेनाशीच झाली. माणसांपेक्षा हरणं जास्त. गॅस स्टेशन दिसलं की टाकी अर्धी असली तरी नवरा गाडी थांबवून भरून घ्यायचा, आणि आत जाऊन काउंटरवरच्या माणसाकडे संशयानं बघून यायचा. मागच्या सीटवर मुलगी हसू दाबत होती. मला तो प्रवास आवडला, खोटं कशाला बोलू? इतकं मोठं आभाळ मी कधी पाहिलं नव्हतं.

मुलीनं एका बाईंच्या घरामागच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. बाई आमच्याच वयाच्या, पाठीवर पांढऱ्या केसांची वेणी, गुडघ्याला चिखल लागलेली जीन्स. दार सताड उघडं होतं. त्यांनी आम्हाला स्वयंपाकघरातच बसवलं, कॉफी ओतली, ॲपल पाय कापला.

नवऱ्यानं कॉफीला हात लावला नाही. “मॅम,” त्यानं सुरुवात केली, “इथल्या त्या खुनाबद्दल मी वाचलंय. तो नेमका कुठल्या भागात झाला?”

मी टेबलाखालून त्याला लाथ मारली. मुलगी “बाबा, डोन्ट,” म्हणाली, आणि तिच्या आवाजावरून मला कळलं की तिला काहीतरी ठाऊक आहे.

बाईंनी सुरी खाली ठेवली. “तो माझा भाऊ होता,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनीच सगळं सांगितलं, न रडता, न थांबता. भाऊ आणि त्याचा शाळेपासूनचा मित्र. कुंपणावरून जुनी कुरबुर, त्यात दोघंही प्यालेले, आणि मित्राच्या गाडीत बंदूक. मित्र आता तुरुंगात आहे. त्याची आई दर रविवारी चर्चमध्ये यांच्या पुढच्याच बाकावर बसते. “चर्च एकच आहे,” बाई म्हणाल्या, “दोघींनी जायचं कुठे?” भाऊ याच मागच्या खोल्यांत राहायचा. त्या संध्याकाळी जेवायला आला नाही, तेव्हा यांना वाटलं कुठलंतरी वासरू बघायला गेला असेल. म्हणून यांनी शोधलंच नाही.

“राज्याच्या यादीत आम्ही पहिले आलो म्हणे,” त्या म्हणाल्या. “मला कुणीतरी दाखवली ती. त्या दशांश चिन्हात माझा भाऊ कुठे आहे, तेच मी शोधत राहिले.”

नवऱ्याचा चेहरा पार उतरला होता. त्यानं हळूच विचारलं, “त्यांचं नाव काय?” बाईंनी सांगितलं. ते नाव मी इथे लिहीत नाही, पण नवऱ्यानं ते एकदा नीट उच्चारून पाहिलं.

“तुमच्या मुलीला मी एकच अट घातलीय,” बाई म्हणाल्या. “यायला उशीर होणार असेल तर कळवायचं. इथे धोका आहे म्हणून नव्हे. आम्ही इतके थोडे आहोत, की एखादा जेवायला आला नाही तर ते कळायलाच हवं.”

“जेवायला किती वाजता बसता तुम्ही?” नवऱ्यानं विचारलं.

“सहाला.”

“ही कधीच वेळेवर जेवत नाही,” तो म्हणाला. “तिला रागवत जा.”

बाई पहिल्यांदा हसल्या. मग त्यानं गार झालेली कॉफी घेतली आणि पायचा दुसरा तुकडाही मागून घेतला. मुलीनं मागून येऊन त्याच्या गळ्यात हात टाकले, आणि माझा जीव भांड्यात पडला.

तिथले सहा म्हणजे आमच्याकडचे आठ. आम्ही ताट वाढून घेतो, तोवर बाईंचा मेसेज येतो, एकच शब्द, “होम”, म्हणजे मुलगी घरी पोचली. नवरा अंगठा पाठवतो आणि पहिला घास घेतो. मुलीला हा कारभार समजल्यावर तिनं “यू गाइज आर क्रेझी” म्हणून डोक्याला हात लावला, पण बंद करा म्हणाली नाही.

गेल्या हिवाळ्यात एकदा आठ वाजून गेले तरी मेसेज नाही. नवऱ्यानं मुलीला फोन लावला. ती घरीच होती, सूप गरम करत होती. बाई चारा आणायला गेल्या होत्या आणि बर्फ पडत होतं, म्हणून उशीर झाला असेल, असं ती म्हणाली. आपली पोरगी सुखरूप आहे म्हटल्यावर मी जेवायला बसले. हा मात्र ताटाला शिवेना. त्यानं बाईंना मेसेज टाकला, “पोचलात का घरी?” आणि फोन समोर घेऊन बसून राहिला. “अरे, जेव ना,” मी म्हटलं. “थांब गं,” म्हणाला. वरणावर साय धरली.

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. आधी नेहमीचं “होम”. मग थोड्या वेळानं खाली आणखी एक ओळ आली: भाऊ गेल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं.

नवऱ्यानं फोन माझ्या हातात दिला, डोळे पुसले, आणि जेवायला लागला.