अंगरख्याच्या आतलं लोखंड

जुन्या चिनी सैनिकांच्या चिलखतांवर आणि शस्त्रांवर मी पुस्तक लिहिलं. त्यातल्या ज्या एका शोधासाठी ते नावाजलं गेलं, तो शोध माझा नव्हता. हे कबूल करायला अकरा वर्षं लागली, याची मला किळस येते.

माझ्याकडे एका अंगरख्याचा फोटो होता. निळं कापड, त्यावर पितळी खिळ्यांच्या रांगा. मी मसुद्यात लिहिलं होतं, शिपाई कापडी अंगरख्यात लढत, खिळे शोभेचे. तो मसुदा पिशवीत घेऊनच मी आमच्या गल्लीतल्या शिंपीमास्तरांकडे पँट कमी करायला गेलो. ते शाळांचे गणवेश शिवायचे. पिशवीतून पँट काढताना बाहेर आलेला फोटो बघून त्यांनी मशीन थांबवलं.

"सर, ह्ये नुसतं कापड न्हाय."

"मास्तर, पुस्तकांत कापडच लिहिलंय."

"पुस्तकानं कवा कापड बेतलंय व्हय? खालचा घोळ बघा की. कापड आसं ताठ पडत न्हाय. आन् शोभेला कोन एवढं खिळं ठोकंल? आत पत्रं हायत. खिळ्यांनी धरल्यात."

मी हसलो, चहा पिऊन निघालो. महिन्याभराने एका परदेशी ग्रंथात तशाच अंगरख्याची आतली बाजू छापलेली दिसली. लोखंडी पट्ट्या, खवल्यांसारख्या एकावर एक. मी प्रकरण बदललं आणि लिहिलं, 'खिळ्यांच्या रचनेवरून मला शंका आली.' मला!

पुस्तक गाजल्यावर झालेल्या सत्कारात कुणीतरी विचारलं, हे सुचलं कसं? "वस्तूकडे शिंप्याच्या नजरेने बघावं लागतं," मी म्हणालो. सभागृहात हशा पिकला. तिसऱ्या रांगेत मास्तर बसले होते. तेही टाळ्या वाजवत होते.

आता नवी आवृत्ती निघते आहे. प्रस्तावनेत सगळं खरं लिहिलं आणि परवा मास्तरांना वाचून दाखवायला गेलो. डोळ्यांमुळे त्यांनी मशीन सोडलं आहे.

"आसं बोललो व्हतो व्हय मी?" ते म्हणाले. "माज्या ध्यानात बी न्हाय." मग म्हणाले, "पर सर, एक इचारू? त्या सत्कारापास्नं तुमी कापडं दुसरीकडं टाकाय लागला. माज्या शिलाईत काय खोट निगाली व्हती?"

माझ्या अंगावर दुसऱ्याने शिवलेला सदरा होता. प्रस्तावनेत मी चोरी लिहिली होती, तोंड चुकवायला त्यांचं दुकान टाळलं हे लिहिलं नव्हतं. मास्तरांच्या शिलाईत खोट नव्हती.