पाल्याचं नाव

पौष वद्य चतुर्थी, बुधवार. हजर: खाटेवर भाऊ, पायथ्याशी वहिनी, मी आणि धनजहून आलेली पोटीस बांधणारी बाई.

मिरचीच्या वाफ्यात भाऊच्या पायाला कुदळ लागली होती. पाय कापावा लागेल, असं कारंज्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा भाऊने या बाईला बोलावलं. ती रोज जुनी पट्टी सोडून आधी नाकाशी धरायची. मग आमच्याकडे पाठ करून पाला वाटायची आणि लेप कोमट असतानाच एरंडाच्या पानात बांधायची.

मला सगळं लिहून ठेवायची सवय. जवसाचं पीठ, हळद, एरंडाचं पान एवढं लिहून झालं होतं; पाल्याची ओळ कोरी होती. पहिल्याच दिवशी मी विचारलं, तर म्हणाली, "नाव घेतलं का पाल्याचा गुण जाते, बाई. तुले भावाचा पाय पायजे का कागद?" भाऊसुद्धा हसला होता.

त्या बुधवारी पट्टी सुटल्यावर भाऊ म्हणाला, "मावशी, आज काईच दुखत नाई. बरा होऊन राह्यला ना पाय?"

तिने त्याच्या पायाची काळी पडलेली बोटं दाबून पाहिली. पाटा उचलून भिंतीला उभा केला, हात धुतले आणि माझ्याकडे वळली.

"घे बाई, लिवून घे आता," म्हणाली, आणि पाल्याचं नाव मोठ्याने सांगितलं.

वहिनीने पदर तोंडात कोंबला.

भाऊला जाऊन वर्ष झालं. तो पाला आमच्याच शेताच्या धुऱ्यावर उगवतो. यादीतली ती ओळ मी अजून भरलेली नाही.