वाळवणबाईंचा हूक

निगडीत उन्हाळ्यात गच्चीवर पापड-कुरडया घालतात. आमच्या कंपनीतल्या बाई पत्रे वाळत घालायच्या! रंगवलेला पत्रा, स्टेनलेस, ॲल्युमिनियम, फायबर, प्लॅस्टिक, सगळ्यांच्या पट्ट्या बंगल्याच्या गच्चीवर ऊनपावसात पडलेल्या असत. शेजारणींनी त्यांचं नाव 'वाळवणबाई' पाडलं आणि ते कसं कोण जाणे, निघोज्याच्या आमच्या कारखान्यापर्यंत पोचलं. बाईंना ते आवडायचं. म्हणायच्या, "पापड दोन उन्हांत कळतो, पत्र्याला दोन पावसाळे द्यावे लागतात."

आम्ही उघड्यावर बसवायच्या विजेच्या पेट्या बनवतो. पेटी कशाची करायची ते बाई ठरवत आणि तो माल मी खरेदी करत असे. म्हणजे भांडण ठरलेलंच! माझं म्हणणं एकच, "बाई, सरसकट स्टेनलेस लावा आणि मोकळे व्हा." एका मुलामा देणाऱ्या कारखान्यासाठी मी तसाच हट्ट धरला. बाई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी तिथल्या ॲसिडच्या टाक्यांशेजारी स्टेनलेसची एक पट्टी नुसती टांगून ठेवली. थोड्याच महिन्यांत तिच्यावर तपकिरी ठिपके उठले. मी स्टेनलेसची ऑर्डर रद्द केली. त्या मात्र हरखून ते ठिपके भिंगातून बघत होत्या, जसं काही नातवाचे दातच उगवलेत.

पेटी बसायच्या जागी गेल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. ऊन कुठल्या बाजूने येतं? म्हशी अंग घासतात का? पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीत त्यांनी वॉचमनला विचारलं, "इथं पोरं क्रिकेट खेळतात का हो?" तो म्हणाला, "मॅडम, तुमी उभ्या हाय ना, तिथंच स्टंप असत्यात." झालं, पारदर्शक प्लॅस्टिकचं झाकण तिथल्या तिथे रद्द. मी कपाळाला हात लावला.

आणि मग ते चाकणचं प्रकरण झालं. तिथल्या एका मोठ्या कंपनीत सांडपाण्याच्या पंपांजवळ पेटी बसवायची होती. तिथल्या वायूने पत्रा खराब होतो, म्हणून बाईंनी फायबर निवडलं. आमचे मालक पत्र्यावर अडून बसले होते. बाई म्हणाल्या, "फायबरची जबाबदारी माझी." ही पेटी टिकली तर त्या कंपनीची पुढची सगळी ऑर्डर आमची, असं ठरलेलं होतं.

दसरा झाला, परतीचा पाऊस आला आणि पेटीत पाणी शिरलं. पंप बंद. मालक, बाई आणि मी धावत गेलो. तिथले मॅनेजर लाल होऊन उभे होते. बाईंनी स्टूल मागवलं, त्यावर चढल्या आणि पेटीच्या माथ्याकडे बघत राहिल्या. वर एक स्क्रू पिळलेला होता आणि त्याला झेंडूची वाळलेली देठं लोंबत होती. खंडेनवमीला कुणीतरी तोरण बांधलं होतं. पाणी त्याच भोकातून आत गेलं होतं.

माझा जीव भांड्यात पडला. सुटलो राव! चूक त्यांच्याच माणसाची निघाली. मॅनेजर ओरडले, "कुणी केलं हे?" बाजूला पंप चालवणारे सोपानमामा उभे होते, ठेकेदाराकडचा माणूस, एका तक्रारीत काम जाणारा. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला आणि ओठ हलले.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "साहेब, चूक आमची आहे. फायबरला सहज भोक पडतं, हे मला माहीत होतं. इथं दसरा होतो, हेही माहीत होतं. दोन्हींचा एकत्र विचार मी केला नाही." आणि मामांकडे न बघताच त्या स्टुलावरून उतरल्या.

पुढची ऑर्डर दुसरीकडे गेली. मालक कित्येक दिवस बाईंशी धड बोलले नाहीत. मी तर परतताना गाडीतच भडकलो, "बाई, अहो, हातात आलेला पुरावा होता तो!" त्या शांतपणे म्हणाल्या, "कुणी भोक पाडतं, म्हणजे त्याला काहीतरी हवं असतं आणि आपण ते दिलेलं नसतं." बदलून दिलेल्या पेटीला त्यांनी दारावरच्या छज्ज्याला एक हूक दिला. तेव्हापासून आमच्या प्रत्येक पेटीला तो असतो.

गेल्या वर्षी बाई गेल्या. फार जीव लावला होता हो त्या बाईने. यंदा दसऱ्यानंतर काही कामाने मी त्या पंपांकडे गेलो, तर सोपानमामा तिथेच होते. त्यांनी बाईंची चौकशी केली. मी सांगितलं, तसे ते मटकन कट्ट्यावर बसले.

"त्यांनी मला इचारलंच न्हाई बघा," ते म्हणाले. "इचारलं असतं तर म्या खरं सांगितलं असतं."

"मामा," मी म्हटलं, "म्हणूनच नाही विचारलं."