नानांच्या कैऱ्या

शेजारचे नाना कसलंसं समृद्धीचं शिबिर करून आले होते. अंगणातल्या आंब्याखाली उभे राहून मला सांगत होते, "मनातली टंचाई काढून टाकायची. मग सगळं भरपूर दिसतं."

वर फांद्या कैऱ्यांनी वाकल्या होत्या. तेवढ्यात त्यांच्याकडे भांडी घासणाऱ्या शांताबाई म्हणाल्या, "नाना, लेकीला डोहाळे लागलेत. दोन कैऱ्या नेऊ?"

"यंदा बहर कमीच आहे हो," नाना म्हणाले.

असली माणसं शिबिरातून फक्त शब्द आणतात. मला त्यांची कीवही आली नाही.

नानांची बायको टोपली घेऊन बाहेर आली आणि शांताबाईंच्या पदरात तिनं कैऱ्या ओतल्या. शांताबाई हसल्या. नाना मान वर करून झाडावरच्या कैऱ्या मोजू लागले.