डमी गाणाऱ्या आसावरीताई

आसावरीताईंचा आवाज तुम्ही ऐकलेला नाही. ऐकायला मिळणारच कसा, तो पुसून टाकायचा म्हणूनच तर त्या गातात. धंद्यात त्याला डमी म्हणतात. गाणं बांधून झालं, की मुख्य गायिकेला चाल कळावी म्हणून आधी कुणीतरी ते गाऊन ठेवतं. मग गायिकाबाई येतात, हेडफोनवर ते ऐकतात, आपलं गातात आणि जातात. डमी पुसली जाते. लग्नात भाजी निवडणाऱ्या बायकांचं नाव कुणी विचारतं का? लोक आचाऱ्याचं कौतुक करतात आणि हात धुऊन निघतात. कोपरीतल्या या बाईंनी ऐन विशीपासून साठीला टेकेपर्यंत अशी भाजी निवडली.

त्यात वाईट काही नाही हो. पण माणूस थकतं.

डमीची एक रीत असते. सरळ गायचं. गळ्याच्या हरकती नाहीत, मुरक्या नाहीत, चाल जशी आहे तशी पाटावर मांडून द्यायची. तरुणपणी एकदा ताईंनी एका अंतऱ्यात जराशी जागा घेतली होती, सूर थोडा आपल्या मनानं वळवला होता. आलेल्या गायिकाबाईंनी हेडफोन काढून शांतपणे विचारलं, "हे मी गायचंय की हिनं?" सगळे हसले. त्या दिवसापासून ताईंनी गळ्याला वेसण घातली ती घातलीच.

पूर्वी हे काम मोठमोठ्या स्टुडिओत चालायचं. आता बाळकुमला, एका टॉवरमधल्या बेडरूममध्ये चालतं. सलिल नावाच्या मुलाचा तो स्टुडिओ. मुलगा म्हणायचा इतकंच, दोन पोरांचा बाप आहे. भिंतीला गाद्या टेकवलेल्या, खिडकीला रजई ठोकलेली. पंख्याचा आवाज माइकमध्ये जातो म्हणून पंखा बंद. संगीतकार घरबसल्या वाद्यांचा ट्रॅक पाठवतो, सलिल तो कॉम्प्युटरवर घेतो, ताई त्यावर गातात आणि नुसता आवाज परत पाठवला जातो. ताईंच्या ओळी अंतऱ्यापासून असल्या तरी सलिल फाइल गाण्याच्या पहिल्या ठोक्यापासूनच काढतो, आधीची शांतता तशीच ठेवून. म्हणजे तिकडे संगीतकारानं ती आपल्या ट्रॅकखाली ठेवली, की आवाज बरोबर जागेवर बसतो. यात सलिलची चूक कधी झाली नाही.

तर अपूर्वचा फोन आला. अपूर्व डोंबिवलीचा, मालिकांची शीर्षकगीतं करतो. म्हणाला, "काकू, या वेळी डमी नाही. तुम्हीच गायचंय. सासूच्या तोंडचं गाणं आहे, मला पिकलेला आवाज हवाय. चॅनलला मी सांगतो."

ताईंनी फोन ठेवला आणि तिथेच ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. नवऱ्याला, सुधीररावांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि पायात चपला सरकवून खाली गेले. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या वॉचमनलाही कळलं होतं. बिचाऱ्या सुधीररावांनी आयुष्यभर "मिसेस गातात" एवढंच सांगितलं होतं, आणि "कुठलं गाणं?" असं कुणी विचारलं की विषय बदलला होता. आता त्यांना सांगायला गाणं मिळालं होतं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी ताई माइकसमोर उभ्या राहिल्या आणि सरळ गायल्या.

"काकू, छान," सलिल म्हणाला. "पण हे डमीसारखं होतंय. तुमचं काहीतरी घाला ना."

त्यांनी पुन्हा गायलं. पुन्हा सरळच. घालायचं म्हणजे काय घालायचं? इतकी वर्षं गळ्यातून काढून काढून टाकलेलं, ते आता मागितल्याबरोबर कुठून येणार? शेजारच्या कुकरची शिट्टी टेकमध्ये आली, तो टेक गेला. खाली कुणीतरी ड्रिल लावलं, दुसरा गेला. घामानं ब्लाऊज पाठीला चिकटला. ताईंना रडू येत होतं आणि रडायचाही कंटाळा आला होता.

शेवटी त्या म्हणाल्या, "सलिल, एकदा गाते आणि घरी जाते रे. मग तू आणि तुझं मशीन काय ते बघा."

आणि त्या टेकला गळा सुटला. चांगलं गायचं म्हणून नव्हे, सोडून दिलं म्हणून. "ओसरीला आली सांज, तिला पाट द्या गं" ही ओळ त्यांनी अशी काही वळवली, की 'पाट'वरून उतरताना सलिलचा माऊसवरचा हात थांबला. ताईंनी हेडफोन काढून ठेवला. पर्स उचलून रिक्षा शोधायला गेल्या.

आता माती कुठे खाल्ली ते ऐका. सलिलनं फाइल काढली, पहिल्या ठोक्यापासून, नेहमीसारखी. आणि तिला नावही नेहमीसारखंच दिलं: आसावरीताई डमी. वर्षानुवर्षं हात तेच लिहीत आला होता, त्यानं तेच लिहिलं. अपूर्व तेव्हा गावाला होता, चॅनलला सांगायचं राहूनच गेलं होतं. त्यानं मोबाईलवरूनच न उघडता फाइल चॅनलला पुढे ढकलली. चॅनलमधल्या पोरीनं 'डमी' वाचलं आणि शहाण्यासारखी कामाला लागली. प्राची नावाची नवी गायिका बोलावली, तिला फाइल ऐकवली, गाणं गाऊन घेतलं. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं. असंही होतं.

अपूर्वचा फोन आला तो मालिका सुरू होण्याच्या दिवशी, दुपारी. "काकू, मला आत्ता कळलं. मी भांडलो. पण ते म्हणतात सगळं जुळून गेलंय, आता बदलणार नाही. सॉरी काकू." ताई "बरं" म्हणाल्या. हातातोंडाशी आलेला घास गेला आणि बाईंच्या तोंडून निघालं काय, तर "बरं".

सुधीररावांना सांगायचं म्हणून त्या बाहेरच्या खोलीत आल्या, तर तिथे खुर्च्या मांडलेल्या. पेढ्यांचा बॉक्स टीव्हीजवळ. सुधीरराव गुडघा दुखत असताना समोरच्या विमलाबाईंकडून आणखी दोन खुर्च्या आणत होते. "आसावरी, ती अबोली साडी नेस," ते म्हणाले. ताईंनी कपाटातून साडी काढली. सांगायला जीभच उचलली नाही.

संध्याकाळी घर भरलं. गाणं लागलं. नावं कुणाचीच आली नाहीत. मालिकावाल्यांना तेवढी सवड नसते.

आणि ताई ऐकत राहिल्या. गाणाऱ्या पोरीनं एकही जागा सोडली नव्हती. ते 'पाट'वरचं वळण, तो 'गं'वरचा हलकासा हेलकावा, सगळं जसंच्या तसं उचललं होतं. इतकंच काय, आधीची ओळ ओढता ओढता 'ओसरीला'पाशी ताईंचा दम संपला होता आणि 'ओस' म्हणून त्यांनी मध्येच श्वास घेतला होता, तर त्या कोवळ्या, भरपूर दमाच्या मुलीनंही तिथेच, शब्द मोडून, श्वास घेतला होता. तिला वाटलं असणार, असंच गायचं असतं.

"अगं बाई, आवाज किती तरुण लागलाय तुझा," विमलाबाई म्हणाल्या. ताई हसल्या. पेढे फिरले. कुणी पाया पडलं. ताईंच्या मनात आलं, ही जागा माझी आहे, ही माझीच आहे, आणि हे कुणाला सांगायची सोयच उरलेली नाही.

लोक गेल्यावर सुधीरराव खुर्च्या एकात एक घालत होते. मध्येच थांबले. डोळे भरून आले होते त्यांचे.

"बाकीच्यांना काय कळणार," ते म्हणाले. "मशीननं आवाज बदलला असेल, पण मी श्वासावरून ओळखलं. 'ओसरी'च्या मध्ये घेतलास ना?"

ताईंनी त्यांच्या हातातली खुर्ची घेतली.

"हो," त्या म्हणाल्या. "तिथे दम पुरला नाही मला."