न जोडलेली बॅटरी आणि रत्नाची अँटेना

भुताखेतांवर, चमत्कारांवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आमचं घर बौद्ध, नाशिकरोडच्या कॉलनीतलं. मांजर आडवं गेलं म्हणून कोणी थांबलं तरी वडील चिडायचे. तरीही हे लिहितोय... कारण जे झालं ते मी तिथे उभं राहून पाहिलंय.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी एकलहऱ्याला पॉवर हाउसमध्ये कारकून होतो. धाकटी बहीण रत्ना पॉलिटेक्निकला, इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला. तिनं प्रोजेक्ट काय घ्यावा, तर जागची न हलता दिशा बदलणारी अँटेना. मध्ये एक दांडी, तिच्यातून सिग्नल निघणार. भोवती चार दांड्या, प्रत्येकीच्या बुडाशी डायोड. बटण फिरवलं की बॅटरीचा करंट ठरावीक डायोडमध्ये जाणार आणि सिग्नल एकाच बाजूला वळणार. मोटर नाही, काही नाही. बटणाभोवती तिनं दिशांऐवजी गावं लिहिली होती – उत्तरेला दिंडोरी, पूर्वेला सायखेडा, दक्षिणेला सिन्नर, पश्चिमेला त्र्यंबक. माझी छाती तेव्हाच फुगली होती.

परीक्षेच्या सकाळी सामान रिक्षातून नेलं. वाटेत शॉर्ट नको म्हणून बटणाच्या बॅटरीची वायर मी सोडवली आणि टोकाला टेप गुंडाळली.

बाहेरून आलेले परीक्षक जरा तिरकस होते.

"हे तू केलंस, की भावानं करून दिलं?"

"सर, मला घरचा फ्यूज बदलता येत नाही," मी म्हणालो. कोणी हसलं नाही.

सिग्नल किती येतो ते काट्यावर दाखवणारा रिसीव्हर घेऊन ते मैदानात पूर्वेला जाऊन उभे राहिले. "सायखेडा," म्हणाले. रत्नानं बटण फिरवलं, काटा सर्रकन वर. "त्र्यंबक." काटा खाली. मग चारही बाजूंना फिरून पाहिलं, एकदाही चुकलं नाही.

"छान. पास," ते म्हणाले.

सामान आवरताना ती वायर माझ्या हातात आली. टोकाला सकाळची टेप तशीच... म्हणजे बॅटरी जोडलेलीच नव्हती. मधल्या दांडीची बॅटरी वेगळी, त्यामुळे सिग्नल निघाला हे ठीक. पण तो वळला कसा? रत्नाचंही लक्ष त्या टेपकडे गेलं.

"रत्ना, गप्प बस. पास झालीयेस," मी कुजबुजलो.

"असं कसं, दादा?" म्हणत ती सरळ परीक्षकांकडे गेली. "सर, बटणाची बॅटरी जोडलेली नव्हती. मगाचं धरू नका, परत बघा."

"आणि चाललं नाही तर? नापास करीन."

"चालेल, सर."

टेप सोडली, वायर जोडली. मला तर बघवत नव्हतं. पण चारही दिशा बरोबर. मग सरांनी तीच बॅटरी काढायला लावली. आता बटण कितीही फिरवा, काटा ढिम्म.

"मग पहिल्यांदा काय झालं?" सरांनी विचारलं.

"ते मला माहीत नाही, सर. दुसऱ्यांदाचं मी केलंय."

अभिमानानं माझे डोळे भरून आले. पुढे कित्येक दिवस हे वाक्य मी कॉलनीभर सांगत होतो. शेजारचं कोणी 'वरच्याची कृपा' म्हणालं, तर रत्ना अशी उखडली की विचारू नका. तिची रात्रंदिवसाची मेहनत कोणाच्या कृपेत जमा होऊ द्यायची नव्हती तिला.

तिनं नंतर नाना प्रकारे करून पाहिलं. बॅटरीशिवाय तो काटा पुन्हा कधीच हलला नाही. आजही आम्हा दोघांकडे याचं उत्तर नाही. तुम्हाला कोणाला सुचलं तर जरूर लिहा... फक्त चमत्कार म्हणून मोकळे होऊ नका, आमच्या रत्नाबाईसाहेबांना चालत नाही.